फॉर्म्युला वनचा पुढचा मुक्काम

२०२५ च्या मोसमात फॉर्म्युला वनच्या गाड्या २१ देशांत २४ वेळा धावल्या. मेलबर्नमधल्या तळ्याकाठी सुरू झालेला हा दौरा चीन, जपान, आखाती देश, युरोप आणि दोन्ही अमेरिका फिरून डिसेंबरात अबू धाबीला संपला. एवढ्या फिरतीत माणसांची वस्ती असलेला एक अख्खा खंड मात्र राहून गेला. आफ्रिकेत फॉर्म्युला वनची शेवटची शर्यत झाली १४ मार्च १९९३ रोजी, दक्षिण आफ्रिकेतल्या क्यालामी इथे. तेव्हा जन्मलेली मुलं आज तिशी ओलांडून गेली, तरी ही स्पर्धा त्या खंडात परतलेली नाही.

यजमानपदासाठी इच्छुकांची रांग मात्र वाढतेच आहे. माद्रिदनं आपली जागा पक्की केली. सौदी अरेबिया रियाधजवळ एक अचाट सर्किट उभारतो आहे. थायलंडच्या मंत्रिमंडळानं बँकॉकसाठी पैशाला मंजुरी दिली. रवांडाच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर समारंभात शर्यत मागितली, आणि क्यालामीनं नव्यानं कंबर कसली. या सगळ्या हालचाली बारकाईनं पाहिल्या की एक गोष्ट ठळकपणे दिसते. सर्किट बांधणं हा यजमानपदाचा सोपा भाग आहे. दहा-दहा वर्षं त्यामागे उभं राहणारं सरकार, ती शर्यत आपली मानणारं शहर आणि त्या जमिनीचे, हवेचे गुण ओळखून तिथे नेमकं काय शोभेल याची जाण, हा अवघड भाग.

आधी सोप्या भागाकडे पाहू. सर्किटला परवाना देणारी संस्था म्हणजे आंतरराष्ट्रीय मोटर महासंघ, एफआयए. फॉर्म्युला वनसाठी तिचा ‘ग्रेड वन’ दर्जा लागतो. लांबी साधारण साडेतीन ते सात किलोमीटर, रुंदी किमान १२ मीटर, जिथून शर्यत सुटते तिथे १५ मीटर, सरळ पट्टा शक्यतो दोन किलोमीटरच्या आत. मोनॅको यातल्या पहिल्याच अटीत बसत नाही. तिथली फेरी ३.३३७ किलोमीटरची आहे आणि इतरत्र ३०५ किलोमीटरची असणारी शर्यत तिथे २६० वर थांबते. पण मोनॅकोत १९२९ पासून शर्यत होते, आणि जुन्या घराण्याला मिळणारा मान मोनॅकोला मिळतो. नव्यानं अर्ज करणाऱ्याला तशी सवलत नाही.

ट्रॅकच्या मोजमापाइतकीच कडक अट वैद्यकीय व्यवस्थेची. सर्किटवर सुसज्ज दवाखाना हवा, मोठं रुग्णालय जवळ हवं आणि जखमी चालकाला तिथवर वेळेत नेण्याची खात्री हवी. एप्रिल २०१७ मध्ये शांघायला याचा प्रत्यय आला. शुक्रवारी सराव होता, गाड्या तयार होत्या, ट्रॅकही वापरण्याजोगा होता. पण शहरातल्या रुग्णालयाजवळची दृश्यता इतकी कमी होती की तिथे हेलिकॉप्टर उतरू शकत नव्हतं. पहिलं सत्र जेमतेम काही मिनिटं चाललं, दुसरं तर रद्दच झालं. पैसे मोजून आलेले प्रेक्षक स्टँडमध्ये बसून होते. शेवटी लुईस हॅमिल्टन स्वतः त्यांच्याकडे गेला आणि त्यांच्या दिशेनं टोप्या फेकू लागला. शहराची धुरकट हवा असा एखादा दिवस गिळून टाकते, म्हणून नवी जागा पाहताना सर्किटचा नकाशा जितका बघतात तितकाच रुग्णालयाचा रस्ताही बघावा लागतो.

आपल्याला घरबसल्या शर्यत दिसावी यासाठीही मोठी यंत्रणा लागते. सर्किटवरची दृश्यं आणि माहिती इंग्लंडमधल्या बिगिन हिलच्या केंद्रात पोचते आणि तिथून जगभर जाते. दर आठवड्याला नव्या देशात, कधी वाळवंटात तर कधी बंदरालगत, ही जोडणी उभी करण्याचं काम २०१२ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कम्युनिकेशन्सकडे आलं आणि मधल्या खंडानंतर २०२२ मध्ये त्याच कंपनीशी पुन्हा करार झाला. मराठी वाचकाला अभिमान वाटावा असा हा धागा आहे, आणि त्याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही.

शहराच्या रस्त्यावर शर्यत घ्यायची म्हटलं की वेगळीच परीक्षा सुरू होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये लास व्हेगासच्या नव्या सर्किटवर पहिलं सराव सत्र सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. मोठमोठ्या हॉटेलांच्या रांगेतून जाणाऱ्या ‘स्ट्रिप’वर कार्लोस साईन्झची फेरारी ताशी तीनशेच्या आसपास वेगानं आली आणि खालून जबरदस्त आदळली. रस्त्यातल्या पाण्याच्या झडपेवरचं झाकण उखडलं होतं. फॉर्म्युला वनची गाडी वेगात जाताना तिच्या पोटाखालचा हवेचा दाब घटतो आणि ती रस्त्याला चिकटून राहते. हीच ओढ रस्त्यातल्या झाकणांवरही काम करते, त्यामुळे एरवी वर्षानुवर्षं ट्रकचं ओझं सोसणारं लोखंड एका क्षणात वर उचललं जातं. साईन्झच्या गाडीचा सांगाडा, इंजिन आणि बॅटरी यांचं नुकसान झालं. नवी बॅटरी बसवल्याबद्दल नियमानुसार त्यालाच सुरुवातीच्या रांगेत दहा जागा मागे जाण्याची शिक्षाही झाली, चूक त्याची नसताना. मग रातोरात सगळ्या मार्गावरची झाकणं तपासली गेली आणि दुसरं सत्र पहाटे अडीच वाजता सुरू झालं. तोवर प्रेक्षकांना बाहेर काढलेलं होतं. त्याच्या चार वर्षं आधी, २०१९ मध्ये, अझरबैजानमधल्या बाकूला जॉर्ज रसेलच्या विल्यम्सचीही अशीच गत झाली होती. शहरात शर्यत घेणाऱ्यांना अशा प्रत्येक झाकणाचा हिशेब ठेवावा लागतो.

तरीही शहरांचा मोह सुटत नाही, आणि त्याला कारण आहे. बाकूची फेरी २०१६ पासून जुन्या तटबंदीला खेटून जाते. तिथे एका ठिकाणी रस्ता जेमतेम साडेसात मीटर रुंद आहे, आणि तेच सर्किट पुढे समुद्राकाठी दोन किलोमीटरहून जास्त अंतर पूर्ण वेगात पळायला देतं. अशी रचना कागदावर कुणी सुचवली असती तर वेड्यात काढला असता. मध्ययुगात घोडे आणि पहारेकरी यांच्यासाठी वसलेल्या शहरानं ती आयती दिली.

माद्रिदनं मधला मार्ग निवडला. बाराखास विमानतळाजवळ इफेमा हे भलंमोठं प्रदर्शन केंद्र आहे. त्याचं आवार आणि शेजारचे सार्वजनिक रस्ते जोडून सुमारे ५.४ किलोमीटरचं, २२ वळणांचं सर्किट आखलं गेलं. ‘माद्रिंग’ असं त्याचं नाव. २०२६ ते २०३५ असा दहा वर्षांचा करार आहे. प्रदर्शनांची दालनं आहेतच, ती संघांच्या आणि पाहुण्यांच्या कामी येतात. मेट्रो दारात आहे, विमानतळ हाकेच्या अंतरावर. रानात सर्किट बांधून मग तिथवर रस्ते ओढत नेण्यापेक्षा हा विचार मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

या सर्किटचं वैशिष्ट्य म्हणजे ‘ला मोन्युमेंताल’ नावाचं लांबलचक उजवं वळण. ते सपाट नाही, २४ टक्के कललेलं आहे. त्याची लांबी अर्ध्या किलोमीटरच्या घरात जाते. कललेल्या वळणावर गाडीचं वजनच तिला आतल्या बाजूला ओढायला मदत करतं. टायरांवरचा आडवा ताण काही अंशी हलका होतो आणि सपाट वळणापेक्षा वेग जास्त ठेवता येतो. पण त्याच वेळी गाडी रस्त्यात दाबली जाते, सस्पेन्शन बसतं आणि चालकाच्या मानेवर वेगळ्याच दिशेनं भार येतो. नेदरलँड्समधल्या झांडवूर्टला अशी वळणं आहेत, पण ती आखूड. इतका वेळ कलून राहणं फॉर्म्युला वनच्या आजच्या चालकांना सवयीचं नाही.

माद्रिद यजमान म्हणून अगदी नवं नाही हेही सांगायला हवं. शहराच्या उत्तरेला हारामा हे सर्किट आहे आणि १९८१ पर्यंत स्पेनची शर्यत तिथे होत असे. त्या शेवटच्या वर्षी झील व्हिलनव्हनं वळणांवर जड पडणारी फेरारी घेऊन मागच्या चार गाड्यांना फेऱ्यामागून फेऱ्या अडवून धरलं. शेवटी पाचही जण सव्वा सेकंदाच्या आत रेषा ओलांडून गेले. अरुंद, वळणावळणाचा ट्रॅक होता म्हणूनच हे घडू शकलं. आज तसा ट्रॅक ग्रेड वनच्या चाळणीतून निघणार नाही, आणि मला याची हळहळ वाटते.

माद्रिद शहाणपणाचं उदाहरण मानलं तर सौदीतलं किद्दिया म्हणजे शुद्ध अचंबा. रियाधपासून साधारण ४५ किलोमीटरवर तुवैक पर्वतकड्याच्या कुशीत एक अख्खं करमणूकनगर वसवलं जात आहे आणि त्यात हे सर्किट आहे. मार्च २०२४ मध्ये आराखडा जगासमोर आला. रचनाकार दोन: शांघाय, बहारीन, अबू धाबी अशी डझनभर सर्किटं आखणारा जर्मन स्थापत्यकार हेरमान टिल्के आणि पूर्वी स्वतः फॉर्म्युला वन चालवलेला ऑस्ट्रियाचा अलेक्झांडर वुर्ट्झ. सुरुवातीची रेषा ओलांडली की गाड्या थेट चढावर लागणार आणि पहिलं वळण जमिनीपासून ७० मीटर उंचीवर, म्हणजे साधारण वीस मजली इमारतीच्या गच्चीवर, घेणार. त्या वळणाचं नाव ‘द ब्लेड’. त्याच्या पोटाखाली संगीताच्या कार्यक्रमांचं सभागृह. सर्किटच्या सर्वांत उंच आणि सर्वांत खालच्या बिंदूंत १०८ मीटरचं अंतर असेल. बेल्जियमच्या स्पा-फ्रँकोरशाँला, जिथला चढउतार पिढ्यान् पिढ्या चालकांच्या तोंडी आहे, हे अंतर शंभर मीटरच्या आसपास भरतं. स्पाला ते आर्देनच्या डोंगरांनी दिलं. किद्दियात त्यातलं बरंच काँक्रीटनं उभं करायचं आहे.

चढावरचं वळण शर्यतीला फार पोषक असतं. चढाव गाडीला आपोआप थोडा थोपवतो, त्यामुळे ब्रेक उशिरा दाबता येतो आणि मागचा चालक धाडस करायला धजावतो. माथा दिसत नसल्यानं त्याला नजरेपेक्षा आठवणीवर भिस्त ठेवावी लागते. सुटल्या सुटल्या बावीस गाड्या अशा माथ्यावर एकदम पोचल्या तर काय होईल, याची कल्पनाही थरारक आहे. पण या अचंब्याची एक बाजू बोचते. हे सर्किट जगातल्या कुठल्याही श्रीमंत देशाला विकत घेता येईल असं आहे. त्यात तुवैकचा कडा मागे पडदा म्हणून उरतो की वळणांचा भाग होतो, हे बांधून झाल्यावरच कळेल.

आता पैसा. शर्यतीचा आयोजक फॉर्म्युला वन कंपनीला दरवर्षी यजमान शुल्क देतो आणि ते कोट्यवधी डॉलरमध्ये असतं. प्रक्षेपणाचे हक्क कंपनीचे, ट्रॅकभोवतीच्या बहुतेक जाहिरातींचा पैसा कंपनीचा, उंची पाहुणचाराचाही मोठा वाटा कंपनीचा. आयोजकाच्या हाती मुख्यतः तिकीटविक्री राहते, आणि तेवढ्यावर शुल्क क्वचितच निघतं. उरलेली तूट सरकारला भरून काढावी लागते. पर्यटन वाढेल, हॉटेलं भरतील, शहराचं नाव जगभर जाईल, या आशेवर.

झांडवूर्टनं सरकारी टेकूशिवाय हे करून दाखवलं. डच चालक मॅक्स व्हर्स्टापेनच्या लाटेवर २०२१ मध्ये तब्बल ३६ वर्षांनी शर्यत परतली. वाळूच्या टेकड्यांवर नारिंगी समुद्र उसळला, लोक सायकलींनी आणि रेल्वेनं आले. तरीही आयोजकांनी हिशेब मांडला आणि २०२६ ची शर्यत शेवटची असं जाहीर केलं. स्पाचंही आता दरवर्षीचं स्थान राहिलेलं नाही. २०२८ आणि २०३० मध्ये तिथे शर्यत नसेल. २०२७ आणि २०२८ साठी पोर्तुगालच्या पोर्टिमाओला संधी मिळाली. करोनाच्या साथीत वेळापत्रक कोसळलं तेव्हा २०२० मध्ये हेच सर्किट मदतीला धावलं होतं आणि हॅमिल्टननं तिथेच ९२ वा विजय मिळवून मायकेल शूमाकरचा विक्रम मागे टाकला होता. तयार असलेली, आधीच पारखलेली जागा अशी उपयोगी पडते.

थायलंडनं जून २०२५ मध्ये सुमारे ४० अब्ज बाथची योजना मंजूर केली. २०२८ ते २०३२ अशी पाच वर्षं, बँकॉकच्या चतुचक भागातल्या रस्त्यांवर. त्या देशाकडे बुरीरामचं ग्रेड वन सर्किट २०१४ पासून आहे आणि मोटारसायकलींची मोटोजीपी तिथे गर्दी खेचते. पण फॉर्म्युला वनला राजधानी हवी आहे. मात्र श्रेथा थाविसिन यांनी पंतप्रधान असताना ही बोलणी पुढे नेली आणि ते ऑगस्ट २०२४ मध्ये पदावरून गेले. मंजुरी देणाऱ्या पेतोंगतार्न शिनावात्र यांचंही पद ऑगस्ट २०२५ मध्ये गेलं. दोघांनाही घटनात्मक न्यायालयानं हटवलं. पाच वर्षांचा शब्द देणाऱ्या देशात असं घडलं की समोरचा माणूस सही करताना थबकणारच.

यात अतिशयोक्ती वाटत असेल तर हनोईकडे पाहावं. व्हिएतनामनं मी दिन्ह स्टेडियमजवळ ५.६ किलोमीटरचं सर्किट बांधून पूर्ण केलं. टिल्केच्या चमूनं त्यात जगातल्या नामवंत वळणांचे अंश गुंफले होते: सुरुवातीला नुर्बुर्गरिंगची आठवण, पुढे मोनॅकोचा चढ, मग सुझुकाची नागमोड. एप्रिल २०२० मध्ये पहिली शर्यत होती. साथ आली आणि ती रद्द झाली. त्यात हनोईच्या जनसमितीचे अध्यक्ष, ज्यांनी हा प्रकल्प उचलून धरला होता, ते दुसऱ्या एका प्रकरणात अटकेत गेले. पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकातून हनोईचं नाव गळलं. पिट इमारत उभी, स्टँड उभे, रंगवलेल्या कडा तयार, आणि फॉर्म्युला वनची एकही शर्यत तिथे झाली नाही.

आपल्यासाठी हा विषय दूरचा नाही. ग्रेटर नोएडाजवळचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हे जगातल्या उत्तम आधुनिक सर्किटांपैकी एक होतं आणि हे मी देशप्रेमापोटी म्हणत नाही. ५.१२५ किलोमीटरच्या त्या फेरीत तिसऱ्या वळणाकडे जाणारा चढ, त्यापुढचा लांब सरळ पट्टा आणि दहाव्या-अकराव्या वळणांचा लांब, सतत पिळत नेणारा घेर, हे सगळं चालकांना मनापासून आवडलं. ३० ऑक्टोबर २०११ रोजी पहिली शर्यत झाली. त्या आठवड्यात पहिल्याच सरावात एक कुत्रा ट्रॅकवर आला आणि सत्र थांबवावं लागलं. धूळ तर सगळीकडे होती. पण रविवारी स्टँड गजबजले. नारायण कार्तिकेयन मायभूमीवर धावला आणि भारतानं हा खेळ नीट पेलला. तिन्ही वर्षं सेबास्टियन फेटेल जिंकला. २०१३ मध्ये इथेच त्याचं चौथं जगज्जेतेपद नक्की झालं, आणि गाडीला गरागरा गिरक्या देऊन तो खाली उतरला, तिच्यासमोर गुडघे टेकून नतमस्तक झाला. त्या सर्किटवर फॉर्म्युला वनला मिळालेलं ते अखेरचं मोठं दृश्य.

त्यानंतर शर्यत गेली, ती कागदांमुळे. राज्य सरकारनं तिला खेळ न मानता करमणूक मानलं आणि त्याप्रमाणे कर लावला. गाड्या, टायर, इंजिनं काही दिवसांसाठी देशात आणायची आणि परत न्यायची, तर सीमाशुल्काची डोकेदुखी. मग फॉर्म्युला वन कंपनीच्या उत्पन्नावर भारतात कर लागतो का, हा वाद न्यायालयात गेला. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की शर्यतीच्या त्या थोड्या दिवसांपुरतंही सर्किट हे कंपनीचं भारतातलं स्थायी आस्थापन ठरतं, म्हणजे कर लागतो. कायद्याच्या दृष्टीनं तो निकाल महत्त्वाचा आहे आणि करतज्ज्ञ आजही त्याचा दाखला देतात. पण तोवर २०१४ ची विश्रांती कायमची झाली होती. सर्किटची मालकी असलेल्या जेपी समूहाचं आर्थिक गणितही बिघडत गेलं आणि २०२४ मध्ये त्याची मुख्य कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली.

सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच सर्किटवर मोटोजीपी आली. काही स्वारांचे व्हिसा वेळेवर निघाले नाहीत, ही जुनीच खोड. शर्यतीच्या दिवशी उकाडा एवढा होता की फेऱ्या २४ वरून २१ वर आणल्या. मार्को बेझेक्की जिंकला, आणि दुसऱ्या आलेल्या होर्हे मार्तिनला उन्हाचा तडाखा बसला. त्याच वर्षी फेब्रुवारीत हैदराबादला हुसेनसागराकाठी फॉर्म्युला ई झाली. मुंबईच्या महिंद्रा समूहाचा संघ या विजेच्या गाड्यांच्या स्पर्धेत २०१४ च्या पहिल्या मोसमापासून आहे आणि त्याला घरच्या मैदानावर धावायला मिळालेली ही एकमेव संधी. वर्षअखेरीस राज्यात सरकार बदललं आणि पुढची शर्यत रद्द झाली. सर्किट, चालक, संघ, तंत्रज्ञ, प्रेक्षक असं सगळं असूनही आपल्याकडे यजमानपद टिकलं नाही. नव्या जागांची चर्चा ऐकताना मला म्हणूनच आधी करार आणि कर विचारावेसे वाटतात, वळणं नंतर.

आणि आता आफ्रिका. या खंडाला मोटर शर्यतींचं वेड नवं नाही. केनियाची सफारी रॅली १९५३ पासून आहे, २०२१ पासून ती पुन्हा जागतिक स्पर्धेत दाखल झाली. तिच्या इतिहासात दोन नावं आपल्या मातीतून गेलेल्या कुटुंबांची आहेत. जोगिंदरसिंग यांनी ती तीनदा जिंकली आणि कंपालात जन्मलेल्या शेखर मेहतांनी पाचदा, त्यातल्या चार सलग. फॉर्म्युला वन १९५८ मध्ये मोरोक्कोत गेली होती. कॅसाब्लांकाजवळच्या ऐन-दियाब मार्गावर स्टर्लिंग मॉस शर्यत जिंकला आणि माइक हॉथॉर्न एका गुणानं जगज्जेता झाला. त्याच शर्यतीत भाजलेला स्टुअर्ट लुईस-इव्हान्स सहा दिवसांनी गेला. त्यानंतर मोरोक्कोत ही स्पर्धा परतली नाही. १९६२ पासून दक्षिण आफ्रिका यजमान झाली, आधी ईस्ट लंडनला आणि १९६७ पासून जोहान्सबर्गजवळच्या क्यालामीला.

क्यालामीची गंमत तिच्या उंचीत आहे. समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार मीटरवर हवा सुमारे १४ टक्के विरळ असते. साधं इंजिन जेवढी हवा आत ओढतं तेवढंच इंधन जाळू शकतं, म्हणजे तिथे त्याची ताकद आपसूक घटते. टर्बोचं तसं नाही. तो हवा दाबून इंजिनात भरतो, त्यामुळे विरळ हवेची बरीचशी भरपाई करतो. १९७९ पर्यंत रेनोच्या टर्बो गाडीची सगळे थट्टा करत होते, कारण ती सारखी बंद पडायची. त्या वर्षी मार्चमध्ये क्यालामीला झाँ-पिएर झाबुईनं ती पोल पोझिशनवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत सर्वांत पुढे, नेली. टर्बो इंजिनाला मिळालेली ती पहिली पोल. पुढच्या वर्षी रने आर्नूनं तिथे शर्यतही जिंकली. काही वर्षांत सगळा खेळच टर्बोकडे वळला. एका पठाराच्या हवेनं एका कल्पनेला पहिल्यांदा न्याय दिला. १९७९ चा जगज्जेताही जोडी शेक्टर हा दक्षिण आफ्रिकेचाच. फॉर्म्युला वनचं विजेतेपद मिळवणारा तो आजवरचा एकमेव आफ्रिकी चालक.

त्या भूमीवर दुःखही घडलं. ५ मार्च १९७७ रोजी बंद पडलेल्या एका गाडीकडे दोन कर्मचारी ट्रॅक ओलांडून धावले. उंचवट्यामागून येणाऱ्या टॉम प्राइसला ते दिसले नाहीत. एका तरुण कर्मचाऱ्याचा जागीच मृत्यू झाला, आणि त्याच्या हातातलं अग्निशामक यंत्र शिरस्त्राणावर आदळून प्राइसही गेला. सर्किटभोवतीच्या कर्मचाऱ्यांनी कधी पाऊल उचलायचं, याची शिस्त आज इतकी काटेकोर आहे ती अशा मोलाच्या अनुभवांतून. आणि मग वर्णभेद. १९८५ च्या शर्यतीवर रेनो आणि लिजिए या फ्रेंच संघांनी बहिष्कार टाकला. त्यानंतर नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटेपर्यंत, किंबहुना १९९२ पर्यंत, तिथे शर्यत झाली नाही. परतली ती दोनच वर्षांसाठी. ज्या देशानं बहिष्काराचं ओझं वाहिलं, त्याच्या नव्या, सर्वांच्या प्रजासत्ताकाला १९९४ नंतर एकही शर्यत मिळाली नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

रवांडाचा दावा डिसेंबर २०२४ मध्ये पुढे आला. किगालीत एफआयएची सर्वसाधारण सभा भरली असताना राष्ट्राध्यक्ष पॉल कगामे यांनी स्वतः तो जाहीर केला. सर्किटची रचना वुर्ट्झकडे, जागा बुगेसेराच्या नव्या विमानतळाजवळ. सप्टेंबर २०२५ मध्ये किगालीनं सायकलिंगची रस्त्यावरची जागतिक स्पर्धा घेतली, आफ्रिकेत ती प्रथमच झाली. पण शेजारच्या काँगोतल्या संघर्षात रवांडाच्या भूमिकेवर गंभीर आरोप आहेत, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये काँगोनं फॉर्म्युला वनला ही बोलणी थांबवण्याची विनंती केली. त्या प्रश्नाकडे डोळेझाक करून झेंडा फडकवणं योग्य ठरणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्यालामीला तर बरंच काही आधीच आहे. २०१४ मध्ये टोबी व्हेंटर या व्यावसायिकानं लिलावात ते सर्किट घेतलं आणि नव्यानं घडवलं. आज फेरी साडेचार किलोमीटरची आहे. ग्रेड वन दर्जासाठीच्या सुधारणांच्या आराखड्याला एफआयएनं जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. त्यात सुरक्षेच्या भिंती, वळणांबाहेरची मोकळी जागा, पाण्याचा निचरा, कडा अशी कामं आहेत. नवं शहर वसवण्यापुढे ती किरकोळच. क्रीडामंत्री गेटन मॅकेंझी यांनी शर्यत आणण्याचा विडा उचलला आहे. केप टाउनच्या रस्त्यांचाही प्रस्ताव होता. तिथे फेब्रुवारी २०२३ मध्ये फॉर्म्युला ई झालीच होती. पण पारडं क्यालामीकडे झुकलेलं दिसतं, आणि ते योग्यच आहे. उरतो तो यजमान शुल्काचा प्रश्न. शाळा, वीज आणि पाणी यांच्या मागण्या पुढ्यात असताना सरकार त्यात किती पैसा घालेल आणि खासगी भांडवल किती पुढे येईल, यावर सगळं अडलं आहे.

२०२६ पासून फॉर्म्युला वनच्या इंजिनांचे नियम बदलले आहेत. ताकदीचा जवळपास अर्धा वाटा आता विजेच्या मोटरकडून, ३५० किलोवॅटपर्यंत, येतो. टर्बोला फिरता ठेवायला मदत करणारी जुनी विद्युत यंत्रणा काढून टाकली आहे. म्हणजे क्यालामीच्या पठारावर एकाच गाडीतले दोन अर्धे वेगवेगळे वागतील. विरळ हवेचं बॅटरीला सोयरसुतक नाही, तिची मोटर समुद्रकाठी देईल तेवढाच जोर तिथेही देईल. टर्बोला मात्र तेवढीच हवा भरायला अधिक जोरानं फिरावं लागेल, रेडिएटरला थंडावा कमी मिळेल, पंखांमुळे मिळणारी रस्त्यावरची पकडही कमी होईल. मेक्सिको शहरात, सव्वादोन हजार मीटरवर, संघ मोनॅकोइतके मोठे पंख लावतात आणि तरी हवेचा दाब इटलीतल्या मोंझाएवढाच पडतो. क्यालामी त्याच्या साधारण दोन-तृतीयांश उंचीवर आहे, उताराचे लांब पट्टे आणि वेगवान वळणं घेऊन. तिथे कुठला संघ पंख किती उघडेल, बॅटरी कुठल्या चढावर रिकामी करेल, याचं उत्तर आज एकाही अभियंत्याकडे प्रत्यक्ष अनुभवातून आलेलं नाही.